उलट्या आट्यांची कुकी

एमिल हाव्रिला पायमोज्यांवर वर्गात शिरला, तेव्हा फिलोमिना सेस्टिली पाठीवर झोपून दोन्ही पाय हवेत धरून होती. अशा वेळी माणसाला तोंड लपवायला जागा नसते. तिने छताकडे बघितलं आणि मनाशी म्हणाली, आता काही खरं नाही.

"चुकून आलात का हो?" इव्हेट टॉलिव्हरने विचारलं. वर्ग तिचा.

"चुकून नाही," एमिल म्हणाला. "मार्सेलाची चटई अजून इथंच आहे का?"

सगळ्या जणींचे पाय वरच राहिले. मार्सेला त्याची बायको. फेब्रुवारीत ती गेली, तेव्हापासून तिची हिरवी चटई कोपऱ्यातल्या फळीवर गुंडाळून ठेवलेली होती आणि तिला कुणी हात लावला नव्हता. इव्हेटने ती काढली, झटकली आणि नेमकी फिलोमिनाच्या शेजारी पसरली. जागा तिथेच रिकामी होती, त्यात इव्हेटचा काही दोष नाही.

वर्षानुवर्षं दर शनिवारी एमिल मार्सेलाला खाली दाराशी गाडीतून उतरवून जायचा. वर यायचं कधी नाव नाही. "लोळायचंच तर घरी गालिचा आहे की," हे त्याचं बोलणं मार्सेलाने सगळ्यांना हसत हसत सांगितलेलं होतं. मग हा बाबा आज कशाला आला? चोराच्या मनात चांदणं. फिलोमिनाला वाटलं, कळलंच याला.

"बेंबी पाठीला चिकटवा," इव्हेट म्हणाली.

"माझी बेंबी आणि पाठ यांची बरेच दिवस गाठभेट नाही, पोरी," एमिल म्हणाला. तेव्हा कुठे सगळ्या हसल्या आणि पाय खाली आले.

पिट्सबर्गच्या ऐन मध्यात, एका जुन्या कापडदुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर इव्हेट पिलाटीस शिकवते. पण तिचा शनिवार चटईवर संपत नाही. व्यायाम झाला की सगळ्यांना जोडे चढवायला लावायचे, नदीच्या कडेकडेने स्ट्रिप म्हणतात त्या जुन्या बाजारापर्यंत चालवत न्यायचं आणि तिथे एकाच टेबलाभोवती बसून खायचं. जी चालणार नाही तिला ताट नाही, असा तिचा कायदा. "पोट आत ओढायला शिकवते ते काय उपाशी ठेवायला?" असं ती म्हणते. खरं कारण ती बोलत नाही. तिच्या वर्गातल्या बहुतेक बायका घरी एकट्या जेवतात, आणि एकटा जेवणारा माणूस उभ्या उभ्या, सिंकपाशी जेवतो. हे तिने आपल्या आईच्या बाबतीत पाहिलं होतं.

त्या दिवशी पिरोगींची, म्हणजे बटाट्याचं सारण भरून लोण्यात परतलेल्या करंज्यांची, पाळी होती. ताटं आली, वरच्या कांद्याचा खमंग वास सुटला, आणि एमिलने मनातलं बाहेर काढलं.

"ऑक्टोबरात आमच्या टेसाचं लग्न आहे. नात माझी. कुकीजच्या टेबलाची जुळवाजुळव चालू झालीय."

टेबलावरच्या सगळ्या बायका सावरून बसल्या. या गावात लग्नाला केक असो नसो, कुकीजचं टेबल लागतं. दोन्हीकडच्या आत्या, माम्या, मावश्या, शेजारणी महिना महिना भट्टीपुढे उभ्या राहतात. प्रत्येकीची कुकी ठरलेली. फिलोमिनाची पिझेल, लोखंडी साच्यात दाबलेली, नक्षीची, कागदासारखी पातळ. मार्सेलाची लेडी लॉक. म्हणजे लोण्याच्या पापुद्र्यांच्या पिठाच्या पट्ट्या कपड्यांच्या लाकडी चिमट्यांवर वेटोळ्यांनी गुंडाळायच्या, भाजायच्या, चिमटा अलगद ओढून काढायचा आणि पोकळीत मलई भरायची. दुसरीच्या कुकीला हात घालायचा नाही, हा अलिखित नियम. एकवेळ दुसरीच्या नवऱ्याकडे बघितलेलं चालेल. बाई गेली की तिची कुकी लेकीकडे जाते, नाहीतर टेबलावर तेवढी जागा रिकामी राहते.

"जनीन नाही का करणार?" कुणीतरी विचारलं. जनीन म्हणजे एमिलची लेक.

"जनीनला पाणी उकळायला सांगितलं तर ते करपवून ठेवेल. गुणी आहे पोर, पण स्वयंपाकघरात नाही." एमिलने काटा खाली ठेवला. "मार्सेला म्हणायची, शनिवारच्या बायका म्हणजे माझ्या बहिणी. म्हणून विचारायला आलो. तिनं तुमच्यापैकी कुणाला शिकवलं होतं का?"

बायकांनी माना हलवल्या. फिलोमिनाच्या तोंडात आख्खी पिरोगी होती. ती तिने इतका वेळ चावली की एवढ्यात दुसऱ्या कुणी ताट संपवलं असतं.

कारण शेवटच्या काही वर्षांतल्या मार्सेलाच्या सगळ्या लेडी लॉक फिलोमिनाने केल्या होत्या.

सुरुवात याच वर्गात झाली. दोन्ही तळव्यांमध्ये धरून दाबायचं एक रबरी कडं असतं. एका शनिवारी ते मार्सेलाच्या हातातून निसटलं, परत निसटलं, आणि तिसऱ्यांदा तिने ते उचललंच नाही. नदीकाठी चालताना ती मागे रेंगाळली. फिलोमिनाही मागे राहिली. तेव्हा मार्सेलाने हातमोजे काढून बोटं दाखवली. सांधे आल्याच्या कुड्यांसारखे फुगले होते.

"डेनीचं लग्न तोंडावर आलंय," ती म्हणाली. डेनी तिचा भाचा. "मला आता चिमटासुद्धा धरवत नाही गं."

"मी गुंडाळते. तू नुसती सांग."

"तू? इटालियन? आमची लेडी लॉक?"

"नको तर राहू दे."

त्या दुपारी बाजारातूनच बसने दोघी फिलोमिनाच्या घरी, ब्लूमफील्डला गेल्या. मार्सेला टेबलापलीकडे स्टुलावर बसली आणि रिकाम्या हवेत बोटं फिरवून दाखवत राहिली. फिलोमिनाने समोर बसून तसं केलं. पीठ मार्सेलाचं, माप मार्सेलाचं, बोलणी खाणं फिलोमिनाचं. पुढे कुणाचं लग्न निघालं की त्या आधीचे शनिवार असेच जायचे. घरी मार्सेला सांगायची की हल्ली इव्हेट फार लांब चालवते.

"एमिलला कळू द्यायचं नाही," तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "शपथ घे. लग्नात तो टेबलामागे उभा राहून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतो, हे माझ्या बायकोच्या हातचं. उद्या त्याला कळलं तर तो माझ्याकडे 'बिचारी' म्हणून बघायला लागेल. तसं मला नाही सोसायचं गं. त्याच्याकडून तर नाहीच."

फिलोमिनाने शपथ घेतली. मरणाऱ्या माणसापाशी घेतलेली शपथ जड असते असं म्हणतात. पण ही तर जित्याजागत्या, हसणाऱ्या, स्टुलावर बसून शिव्या घालणाऱ्या बाईपाशी घेतलेली. ती मोडणार कशी?

एमिलला वाटलं असणार की एक शनिवार पुरेल. पण पुढच्या शनिवारी तो परत आला, मग त्याच्या पुढच्याही. उन्हाळाभर आला. जिममधली पोरं घालतात तशी चड्डी त्याने आणली, तिच्याखाली आपले काळे पायमोजे गुडघ्यापर्यंत ओढले आणि मार्सेलाच्या हिरव्या चटईवर प्रामाणिकपणे कण्हत राहिला. जन्मभर तो रेल्वेच्या ब्रेकच्या कारखान्यात लेथवर होता. आपलं शरीरही एक गंजलेलं यंत्र आहे असं धरून तो चालला, आणि इव्हेटला हा विद्यार्थी फार आवडला.

फक्त एक होतं. त्याचं लक्ष फिलोमिनाकडे असायचं. तिने कूस बदलली की त्याची नजर तिच्या हातांवर. ती बाजारात काटा उचलायची, तरी नजर हातांवर.

"फिलोमिना, एमिल तुझ्याकडेच बघत असतो हं," रॉबर्टा म्हणाली. रॉबर्टा त्या वर्गातली वार्ताहर.

"बघू दे. माझ्यामागे खिडकी आहे."

"आज खिडकी त्या बाजूला होती, बाई."

फिलोमिनाचे कान तापले. सत्तरीतल्या विधवेचे कान तापू नयेत असा काही कायदा नाही, पण तिला स्वतःची लाज वाटली. ती लाज आणि ती धास्ती इतकी एकात एक मिसळली, की शनिवारी सकाळी तिला न्याहारी जाईना. तरी एकही शनिवार तिने चुकवला नाही.

तिचा घोळ साधा होता. एमिलला शिकवायचं म्हणावं, तर कुठून शिकलीस ते सांगावं लागणार. आपणच करून न्याव्यात, तर आपल्या नावाने मार्सेलाची कुकी टेबलावर जाणार. ते तर पापच. आणि गप्प बसावं, तर टेबल रिकामं. एमिल बिचारा गावभर विचारत होता. चर्चच्या तळघरात पिरोगी वळणाऱ्या बायकांना विचारून झालं, मार्सेलाच्या चुलत बहिणींना विचारून झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळशाला तोंड उघडायची बंदी!

सप्टेंबरात एके दिवशी नदीकाठच्या बाकावर तो तिच्याशेजारी दम खायला बसला. बाकीच्या पुढे गेल्या होत्या.

"ठरवलं मी," तो म्हणाला. "तिची पाटी ठेवणार. रिकामं ताट आणि पुढे पाटी. लोकांना कळेल."

"रिकामं ताट?"

"मग काय करू? विकतचं तिच्या नावानं ठेवू?"

त्याचा आवाज कापला नाही. कापला असता तर फिलोमिनाला बरं वाटलं असतं. तो नुसता पाण्याकडे बघत मांडीवर तळहात घासत राहिला. ते रिकामं ताट तिच्या डोळ्यांसमोर आलं, पाटीवरचं मार्सेलाचं नाव आलं, आणि तिचा जीव गलबलला. अगं, तुझा नवरा तुझ्या नावापुढे रिकामं ताट ठेवणार आहे, आणि मी मूग गिळून बसलेय, असं ती मनातल्या मनात मार्सेलाला म्हणाली. मार्सेला नेहमीसारखी ऐनवेळी गप्प.

घरी पोचेपर्यंत फिलोमिनाला युक्ती सुचली. युक्ती कसली, थापच. पण या गावात पचेल अशी. इथल्या बायका लग्नाच्या कित्येक महिने आधी कुकीज भाजून फ्रीझरात टाकतात. टेसाचं लग्न तर ख्रिसमसलाच ठरलं होतं. तेव्हा सांगायचं की मार्सेलाने जानेवारीत वेटोळी भाजून ठेवली, तिचा फ्रीझर भरला म्हणून फिलोमिनाच्या फ्रीझरात ठेवायला दिली, आणि फिलोमिनाला त्याचा विसर पडला. झालं! नावही मार्सेलाचं, ताटही भरलेलं, शपथही शाबूत.

तिने चिमटे काढले. मार्सेलाने दिलेले, वापरून काळपटलेले. पीठ लाटलं, दुमडलं, थंड केलं, परत लाटलं. समोरचं स्टूल रिकामं होतं. तरी ती त्याच्याशी भांडत भांडतच गुंडाळत होती. भट्टीतून पहिला घाणा बाहेर आला, तो वास घरभर पसरला, आणि मग मात्र ती एप्रनमध्ये तोंड घालून रडली. मनसोक्त रडली. फेब्रुवारीत लोकांसमोर नीट रडता आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी बाजारात, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याची ताटं उठल्यावर, बाकीच्या जणी चीज घ्यायला गेल्या तेवढ्यात तिने पत्र्याचा डबा एमिलपुढे ठेवला आणि घोकलेली थाप एका दमात म्हणून टाकली.

एमिलने झाकण काढलं. एक वेटोळं उचललं. तोंडात घातलं नाही, वासही घेतला नाही. दोन बोटांत धरून ते खिडकीच्या उजेडाकडे नेलं आणि हळूहळू फिरवलं.

"फिलोमिना," तो म्हणाला, "याचे आटे उलटे आहेत."

"काय?"

"स्क्रूचे असतात ना, तसे आटे. हे बघा, ही पट्टी अशी चढते. डावीकडे. मार्सेलाची उजवीकडे चढायची. आमचं लग्न झालं तेव्हापासून उजवीकडे. मी जन्मभर आटे पाडलेत. माझा डोळा मला नको असलं तरी बघतो."

फिलोमिना डावखुरी होती. मार्सेलासमोर बसून, आरशात बघावं तसं ती शिकली होती. मार्सेलाचं वेटोळं एका अंगाला फिरायचं, हिचं दुसऱ्या. हे दोघींच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. चवीपुढे दिशा कोण बघतं?

"डेनीच्या लग्नात पहिल्यांदा पाहिलं मी," एमिल सांगत होता. "हातात घेतली आणि कळलं, ही तिच्या हातची नाही. वर पाहिलं तर ती माझ्याकडे बघत उभी. मी खातोय का नाही, एवढंच बघत होती. जीव मुठीत धरून. खाल्ली मी. म्हटलं, मार्सेला, आजवरची सगळ्यात भारी जमलीय." त्याने वेटोळं परत डब्यात ठेवलं. "खोटं नव्हतं ते. झालीच होती भारी."

"आणि तिला काही विचारलं नाहीत?"

"रात्री तिला औषधाच्या बाटलीचं झाकण उघडता यायचं नाही. मी आधीच सैल करून ठेवायचो, म्हणजे तिला वाटावं आपणच उघडलं. ती माझ्यापासून लपवत होती, मी तिच्यापासून लपवत होतो. चाललं होतं आमचं बरं."

फिलोमिनाने कागदी रुमाल घेतला आणि त्याच्या बारीक बारीक चिंध्या केल्या.

"शनिवारी घरी यायची तेव्हा तिच्या कोटाला लोण्याचा वास असायचा," एमिल म्हणाला. "म्हणजे तुमच्यापैकीच कुणीतरी. म्हटलं वर जाऊन बघावं, डावखुरी कोण आहे. पहिल्याच दिवशी सापडली. इव्हेट म्हणाली उजव्या कुशीवर वळा. सगळ्या खिडकीकडे वळल्या आणि एकटी माझ्या तोंडाशी तोंड करून आली. मग बाजारात काटाही डाव्याच हातात."

"मला उजवं-डावं चटकन कळत नाही," फिलोमिना पुटपुटली. मग तिचा पारा चढला. "पहिल्या दिवशी सापडली, तर उन्हाळाभर माझा जीव का टांगणीला लावलात? न्याहारी जात नव्हती मला! ती रॉबर्टा काय काय बोलत होती!"

"तिनं तुम्हाला शपथ घातली असणार. मी विचारलं असतं तर तुम्हाला ती मोडावी लागली असती. म्हटलं, तुम्ही आपणहून बोलाल. गावभर विचारत फिरलो तेही तुमच्या कानावर जावं म्हणूनच." त्याने कान खाजवला. "आणि दुसरं म्हणजे, इथं येऊन मला बरं वाटायला लागलं. माझं सगळं घर तिच्याशिवाय आहे. एवढा शनिवार तेवढा तिच्यासकट आहे."

चीज घेऊन रॉबर्टा परत येताना दिसली. फिलोमिनाने घाईघाईने डोळे पुसले.

"मला शिकवा," एमिल म्हणाला. "तिच्यासारख्या करायच्यात मला. उजव्या आट्याच्या."

"मला तशा येत नाहीत."

"येतात. तुम्ही करा तुमच्या. मी समोर बसतो."

तो बसला, मार्सेलाच्याच स्टुलावर. फिलोमिनाच्या डाव्या हाताकडे बघत त्याने उजव्या हाताने पट्टी चढवायला घेतली, आणि आरशातलं परत आरशात घातलं की सरळ होतं तशी ती सरळ झाली. पहिली वेटोळी बघून कुत्र्यानेही मान फिरवली असती. लोणी वितळून गेलं, चिमटा आत अडकला, एमिलने कारखान्यातल्या शिव्या दिल्या. "हात गार करा, पीठ घाबरलंय तुम्हाला," फिलोमिना म्हणाली. हे मार्सेलाचं वाक्य. दोघांनाही ते ओळखू आलं, आणि एमिलने जाऊन नळाखाली हात धरले. लग्नापर्यंतचे शनिवार असेच गेले. रॉबर्टाला चघळायला भरपूर मिळालं.

ऑक्टोबरात, चर्चच्या सभागृहात, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबल लागलं. मधोमध मोठं ताट आणि पुढे पाटी, "मार्सेला हाव्रिला". एमिल ताटामागे सूट घालून उभा. फिलोमिना पलीकडच्या टोकाला आपल्या पिझेलांपाशी. आपलं नाव काढायचं नाही, असं तिने त्याला निक्षून सांगितलं होतं.

पांढरा झगा सावरत टेसा आली. ताट बघून तिचे डोळे भरले. तिने एक उचलली, दुसरी उचलली, दोन्ही शेजारी धरल्या. आजोबांचीच नात ती.

"आजोबा, ही इकडून वळलीय आणि ही तिकडून. आजीच्या कुठल्या?"

फिलोमिनाने पिझेल नीट लावायला घेतल्या. त्या नीटच होत्या.

"दोन्ही," एमिल म्हणाला. "तुझ्या आजीला शेवटी शेवटी दोन हात पुरेनात, तेव्हा तिनं तिसरा जोडला. इतकी वर्षं तो आपल्याला खाऊ घालतोय. तो बघ, तिकडं पिझेलांपाशी उभा आहे, काहीच ऐकू येत नाही असं तोंड करून. जा, नाचायला घेऊन ये त्याला."

टेसा खरंच आली. मलई लागलेल्या बोटांनी तिने फिलोमिनाचा हात धरला आणि तो आपल्या गालाला लावला. फिलोमिना म्हणत राहिली, अगं सोड, माझे गुडघे, माझी पिझेल, लोक बघतायत.

"पोट आत, खांदे खाली!" इव्हेट आपल्या टेबलावरून ओरडली. "आणि फिलोमिना, उजवा पाय आधी!"

फिलोमिनाने मान डोलावली आणि डावा पाय पुढे टाकला. आता एमिलही टेबलामागून निघाला होता.